एबीएसचा दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं

जुनी गाडी बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "मीटरमधला तो पिवळा दिवा ना, तो एबीएसचा, काही नाही, सेन्सर गेलाय, किरकोळ काम आहे." विकणारा म्हणतो, मधला एजंट म्हणतो आणि कधी कधी मेस्त्री पण गाडीखाली न वाकताच म्हणतो. मग घेणारा माणूस सेन्सर बदलतो, दिवा चार दिवस जातो आणि परत येतो, मग दुसऱ्या चाकाचा सेन्सर, मग कुणीतरी सांगतं की मॉड्यूलच, म्हणजे एबीएसचा कॉम्प्युटरच, गेलंय, आणि शेवटी वैतागून मीटर उघडून त्या दिव्यावर काळी टेप मारली जाते. असं होताना बघितलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण बिघाड कुठं आहे हे सांगणारं विज्ञान दहावीच्या पुस्तकातलं आहे आणि पार्ट विकत घ्यायच्या आधी तो सापडू शकतो.

आधी थोडक्यात एबीएस, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, काय ते बघू. जोरात ब्रेक दाबला आणि चाक जाम झालं की टायर रस्त्यावर घसरत जातो आणि घसरणारं चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. टायरची पकड सगळ्यात जास्त कधी असते, तर चाक गाडीच्या वेगापेक्षा साधारण १० ते २० टक्के कमी वेगानं फिरत असताना. एबीएस चाकाला त्या पट्ट्यात धरून ठेवायला बघतं, ब्रेक ऑईलचा दाब सेकंदाला कित्येक वेळा सोडतं, धरतं, वाढवतं, आणि पायाखाली पॅडल थरथरतं ते त्यामुळं. बॉशनं बनवलेली ही इलेक्ट्रॉनिक सिस्टीम १९७८ साली मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आली, आणि आपल्याकडं एप्रिल २०१९ पासून नव्या कार्सना ती सक्तीची झाली. त्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडं पोचल्यात, म्हणून आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये हे पिवळे दिवे एवढे दिसायला लागलेत. एक गैरसमज इथंच काढून टाकतो, एबीएसमुळं गाडी दरवेळी लवकर थांबते असं नाही, खडीवर किंवा सैल मुरमावर उलट थोडी लांब जाऊन थांबू शकते. खरा फायदा हा की ब्रेक दाबलेला असताना गाडी वळवता येते.

आता माझ्या आवडीच्या भागावर येतो. ही सगळी सिस्टीम एका प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे, प्रत्येक चाक आत्ता या क्षणाला किती वेगानं फिरतंय? हे कळतं कसं?

जुन्या पद्धतीत चाकाबरोबर फिरणारी एक दातेरी लोखंडी रिंग असते आणि तिच्यासमोर साधारण एक मिलिमीटर अंतरावर एक लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तारेची कॉइल. दात समोर आला की चुंबकाचं क्षेत्र घट्ट होतं, खाच आली की सैल पडतं, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळं कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं, हा फॅरडेचा १८३१ सालचा शोध. वेगळी पॉवर द्यायला लागत नाही, चाक फिरलं की सिग्नल आपोआप. १८५/६५ आर १५ मापाचं टायर घ्या, व्यास साधारण ६२ सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे १.९५ मीटर. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११.१ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला ५.७ वेळा फिरतं, आणि रिंगला ४८ दात धरले तर सेकंदाला सुमारे २७३ दात सेन्सरसमोरून जातात. ताशी ५ किलोमीटरला फक्त ३४.

आता गंमत बघा. फॅरडेचा नियम सांगतो की व्होल्टेज क्षेत्र किती *झपाट्यानं* बदलतंय यावर अवलंबून असतं. म्हणजे गाडी हळू झाली की सिग्नलची नुसती संख्या कमी होत नाही, त्याची ताकदही कमी होते, वेगात काही व्होल्ट मिळत असतील तर रांगताना मिलिव्होल्टमध्ये हिशेब करायचा. आणि हीच ताकद रिंग-सेन्सरमधल्या अंतरावर पण अवलंबून, अंतर थोडं वाढलं तरी सिग्नल धाडकन पडतो. आपल्याकडं पाऊस चार महिने, शिवाय उसाच्या सीझनला ट्रॉल्यांनी शेतातला चिखल रस्त्यावर आणलेला असतो, त्यामुळं सेन्सर ज्या ओतीव लोखंडाच्या भोकात बसतो तिथं गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो सेन्सरला हळूहळू बाहेर ढकलतो. सेन्सर चांगला, वायर चांगली, रिंग चांगली, फक्त अंतर वाढलं. मग होतं काय, की चौकातल्या लाल दिव्याला तुम्ही गाडी थांबवताय, वेग ८-१० वर आलाय, तीन चाकं फिरताना दिसतायत आणि चौथ्याचा सिग्नल एवढा बारीक झालाय की कॉम्प्युटरला तो शून्य दिसतो. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ते चाक जाम झालं! मग तो आपलं काम चोख करतो आणि त्या चाकाचा ब्रेक सोडतो. कोरड्या चांगल्या रस्त्यावर अगदी थांबता थांबता पॅडल थरथरलं आणि गाडी हातभर पुढं सरकली तर कारण बऱ्याचदा हे असतं, आणि मीटरमध्ये दिवा लागेलच असं पण नाही. सेन्सर काढून ती जागा पॉलिश पेपरनं स्वच्छ केली, गंजाची भुकटी पुसली आणि तोच सेन्सर परत बसवला की काम होतं. काढताना मात्र जपून, गंजानं धरलेला असतो, पकडीनं ओढला की डोकं हातात आणि बाकी आत.

या बिघाडाचा दुसरा भाऊ म्हणजे रिंगला गेलेला तडा. काही गाड्यांत रिंग ॲक्सलच्या जॉइंटवर दाबून बसवलेली असते, खाली गंज फुगला की ती तडकते आणि त्या जागी दोन दातांमधलं अंतर वाढतं. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक सिग्नल उशिरा येणार आणि त्या एका क्षणापुरता चाकाचा वेग खाली आल्यासारखा दिसणार. अशा गाडीला नवा सेन्सर लावून उपयोग काय? जॅकवर चाक उचलून हातानं सावकाश फिरवा आणि बॅटरीच्या उजेडात रिंग पूर्ण एक फेरा बघा, तडा डोळ्याला दिसतो.

नवीन गाड्यांत मात्र हे सगळं बदललंय. तिथं ॲक्टिव्ह सेन्सर असतो, दातेरी रिंगच्या जागी बऱ्याच गाड्यांत बेरिंगच्या सीलवरच उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे बारीक चुंबकीय पट्टे असतात, साध्या डोळ्यांना नुसतं काळं रबर दिसतं. समोरची चिप हॉल इफेक्टवर (हा १८७९ चा शोध) किंवा चुंबकानं बदलणाऱ्या विद्युतरोधावर चालते. ती क्षेत्र किती झपाट्यानं बदललं हे बघत नाही, क्षेत्र आत्ता कसं आहे ते बघते, म्हणून गाडी अगदी रांगत असली तरी सिग्नल तेवढाच दणकट.

आणि तो सिग्नल पाठवायची पद्धत तर मला फार आवडते. वायरी फक्त दोन, त्यातूनच चिपला पॉवर जाते आणि त्यातूनच निरोप परत येतो. कसा, तर चिप करंट कमी-जास्त ओढते, ७ मिलिअँपिअर आणि १४ मिलिअँपिअर, पट्टा बदलला की ७ चे १४, परत १४ चे ७. खालची पातळी शून्य का ठेवली नाही? विचार करा, वर्गात गप्प बसलेल्या पोराला पण हजेरीला "हजर" म्हणायला लागतं, तसं हे ७ मिलिअँपिअर. चाक उभं असलं तरी करंट ७ किंवा १४ पैकी एक असणारच. शून्य आलं तर वायर तुटली, खूप जास्त आलं तर कुठंतरी शॉर्ट. गाडी जागेवर उभी असतानाच कॉम्प्युटरला कळतं की सेन्सर गप्प आहे का मेलाय.

आता यातून घरबसल्या निदान करता येतं ते असं. चावी ऑन केल्यावर एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला पाहिजे. विझलाच नाही, तर बऱ्याचदा बिघाड वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग), फ्यूज किंवा पॉवरचा, कारण तो उभ्या गाडीत सापडलाय. विझला, पण गाडी थोडी चालल्यावर परत लागला, तर वायर बहुतेक शाबूत आहे आणि येणारा सिग्नल बाकीच्या तीन चाकांशी जुळत नाहीये, म्हणजे रिंग, अंतर, बेरिंग, चुंबकाला चिकटलेला कचरा, नाहीतर चक्क एका चाकाला वेगळ्या मापाचं टायर. हा कचरा पण साधा नसतो. ब्रेकची डिस्क ओतीव लोखंडाची, तिची झीज म्हणजे लोखंडाची बारीक पूड आणि समोर चुंबक. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला ही पूड काय चीज आहे हे सांगायला नको.

मल्टिमीटरबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जुन्या कॉइलवाल्या सेन्सरचा ओहम मोजता येतो, साधारण एक-दोन किलोओहमच्या आसपास येतो. ॲक्टिव्ह सेन्सरचा ओहम मोजण्याला काही अर्थ नाही, आत कॉइल नाही, चिप आहे. तरी मीटर लावून "ओपन दाखवतोय, गेला" म्हणून चांगले सेन्सर फेकले जातात. तिथं चावी ऑन करून कपलरवर बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज येतंय का बघायचं, आणि मिलिअँपिअरचं मीटर सिरीजमध्ये लावून चाक अगदी सावकाश फिरवायचं, ७-१४-७-१४ दिसलं की सेन्सर जिवंत.

आणि बेरिंग! व्हील बेरिंग बदलल्यानंतर लगेच एबीएसचा दिवा लागला असेल तर पहिला संशय एकच, बेरिंग उलटं बसलंय. चुंबकीय पट्टे एकाच बाजूला असतात आणि दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्या. बसवायच्या आधी हलकी टाचणी दोन्ही सीलजवळ नेऊन बघा, पट्ट्यांच्या बाजूला ती किंचित ओढली जाते. यासाठी हिरवट रंगाचं मॅग्नेटिक कार्ड पण मिळतं, सीलवर धरलं की पट्टे स्पष्ट उमटतात, आणि मला वाटतं प्रत्येक गॅरेजमध्ये ते एक असायलाच हवं. असं बेरिंग चुंबकवाल्या ट्रेमध्ये कधी ठेवू नये.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचं आता एवढं वेड झालंय की तो लावला म्हणजे निदान झालं असं लोक समजतात. सी ००३५ असा कोड आला की पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट, इतकंच कळतं. सर्किटमध्ये सेन्सर आहे, वायर आहे, कपलर आहे, आणि सिग्नल बिघडवायला रिंग आणि बेरिंग आहेतच. त्यातलं नेमकं काय हे कोड सांगत नाही. शिवाय ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथवाले स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचे पी कोड वाचतात, एबीएसपर्यंत पोचतच नाहीत, आणि "नो फॉल्ट" दिसलं की माणूस निर्धास्त होतो. चांगल्या स्कॅनरची खरी ताकद लाइव्ह डेटात आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर २०-३० च्या वेगानं जायचं आणि शेजारी बसलेल्यानं चारही चाकांचे आकडे बघायचे, जे चाक मागं पडतं किंवा मधेच शून्य होतं तिथं शोधायचं. सरळ रस्ता म्हणतोय ते मुद्दाम, करूळ घाटातल्या आवळ वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा सहज १०-१५ टक्के हळू फिरतं, तो बिघाड नाही, भूमिती आहे.

एबीएसबरोबर ईएसपीचा आणि हिल होल्डचा (चढावर गाडी मागं येऊ न देणारी सिस्टीम) दिवा पण लागला की लोक घाबरतात, तीन सिस्टीम एकदम गेल्या म्हणून. ईएसपी, जी १९९५ पासून गाड्यांत आली, ती चाकांचे तेच चार आकडे घेते, त्यात स्टेअरिंगचा कोन आणि गाडी खरोखर किती वळतेय ते मिळवते, आणि दोन्ही जुळलं नाही तर एखाद्या चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करते. एका चाकाचा आकडा गेला की वरचं सगळं आपोआप बंद, मूळ बिघाड बहुतेक वेळा एकच असतो. फक्त ईएसपीचाच दिवा असेल आणि नुकतंच अलायमेंट केलं असेल किंवा बॅटरी काढली असेल तर स्टेअरिंगच्या कोनाचं शून्य सेट करून घ्या. आणि बॅटरीच कमजोर असेल तर या सिस्टीम उगाच तक्रार करतात, त्यामुळं सगळ्यात आधी बंद गाडीत १२.६ च्या आसपास आणि चालू गाडीत १४ च्या आसपास व्होल्ट आहेत का ते बघा, दोन मिनिटांचं काम.

गाडी घेतल्यावर दिवा लागला की नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधणारे, गाडी "लाभत नाही" म्हणून तोट्यात विकून टाकणारे लोक अजून आहेत. पूजा जरूर करा, ती आनंदाची गोष्ट आहे, पण कपलरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते कपलर उघडून साफ करूनच जाणार. आणि पाणी शिरणं आपल्याकडं फार खरं आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, गल्ल्यांत उभ्या गाड्या बुडाल्या, त्यातल्या धुऊनपुसून बाजारात आल्या. सीट बदलता येतं, कार्पेट बदलता येतं, पण वायरिंगच्या कपलरमधल्या पिनांवरचा हिरवा थर कुणी काढत बसत नाही. म्हणून गाडी बघताना एखादं चाकाजवळचं कपलर उघडून दाखवायला सांगा. आणि चावी ऑन केल्यावर एबीएसचा दिवा *लागतो* का ते बघा, कारण कधीच न लागणारा दिवा हा जास्त वाईट, तो बहुतेक मुद्दाम बंद केलेला असतो.

एकटा पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालतात, फक्त जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ शकतं, त्यामुळं अंतर ठेवून हळू गॅरेजपर्यंत नेता येतं. पिवळ्याबरोबर लाल ब्रेकचा दिवा पण असेल आणि हँडब्रेक सोडलेला असेल तर मात्र ऑईल कमी झालंय किंवा पुढच्या-मागच्या चाकांत दाब वाटून देणारी सिस्टीम पण बंद पडलीय, अशा वेळी मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. तिथं स्कॅनर, मल्टिमीटर काही काढत बसू नका, गाडी बाजूला घ्या आणि टोचन करून न्या, तेही क्रेनवर चढवून, दोर बांधून नाही.