पंपातलं स्टेरॉइड आणि बाराशे बाळं

तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाव लिटर. त्याच्या हृदयातलं छिद्र बुजवायचं किंवा उलटसुलट जोडल्या गेलेल्या रक्तवाहिन्या जागेवर आणायच्या, तर हृदय काही काळ थांबवावं लागतं. तेवढा वेळ रक्त फिरवण्याचं काम हार्ट-लंग मशीन करतं. या मशीनच्या नळ्या आधी द्रवाने भरून घ्याव्या लागतात, आणि तान्ह्या बाळांच्या बाबतीत हा द्रव बऱ्याचदा बाळाच्या रक्ताइतकाच, कधी त्याहून जास्त भरतो.

रक्त प्लास्टिकच्या नळ्यांना लागलं की शरीराला वाटतं, हल्ला झाला. रक्तातली संरक्षक प्रथिनं जागी होतात, पांढऱ्या पेशी चवताळतात, केशवाहिन्या झिरपू लागतात. बाळ सुजतं. फुप्फुसात पाणी साचतं, व्हेंटिलेटर लवकर निघत नाही. कधी हृदयच इतकं सुजतं की छाती लगेच बंद करता येत नाही; ती एकदोन दिवस उघडी ठेवून वर नुसतं आवरण घालतात.

सूज दाबणारं सगळ्यात जोरदार औषध म्हणजे स्टेरॉइड. ते पेशीत शिरून दाह पेटवणाऱ्या जनुकांचा आवाज बंद करतं. मग ते आधीच पंपात, म्हणजे या मशीनच्या द्रवात, घातलं तर? तर्क इतका सरळ होता की अनेक देशांतल्या शल्यचिकित्सकांनी वर्षानुवर्षं तसंच केलं. काहींनी अजिबात केलं नाही. तुमच्या बाळाला स्टेरॉइड मिळणार की नाही, हे बरंचसं तुम्ही कुठल्या रुग्णालयात गेलात यावर ठरायचं.

नेहमीचा डोस होता वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. एवढ्याशा बाळाचं शरीर शांत दिवशी जेवढं कॉर्टिसोल, म्हणजे स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवतं, त्याच्या दोनशे पटींहून जास्त ताकद या एका डोसात भरते. म्हणजे फायदा होत नसेल तर निदान अपाय तरी होत नाही ना, हे तपासणं गरजेचंच होतं.

मोठ्यांमधलं उत्तर आधीच आलं होतं. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये ४,४९४ आणि २०१५ मध्ये १८ देशांत ७,५०७ रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत स्टेरॉइडने मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत लक्षणीय कमी झाल्याचं दिसलं नाही. पण मोठ्या माणसाच्या पाच लिटर रक्तात मशीनची भर थोडीच. तो निष्कर्ष तान्ह्याला लावणं घाईचं झालं असतं.

म्हणून अमेरिकेतल्या २४ रुग्णालयांनी ‘स्ट्रेस’ नावाची चाचणी केली. एक वर्षाखालची १,२०० बाळं. अर्ध्यांच्या पंपात स्टेरॉइड, अर्ध्यांच्या पंपात नुसतं सलाइन. कुणाला काय मिळालं हे ना पालकांना माहीत, ना उपचार करणाऱ्यांना. मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते ती वेगळीच: माहिती गोळा करायला नवी यंत्रणा न उभारता, रुग्णालयं शस्त्रक्रियांची जी राष्ट्रीय नोंदवही आधीपासून भरत होती तीच वापरली. दुर्मीळ आजारांत चाचण्या पैशांअभावी अडतात; हा रस्ता इतरांनीही धरावा.

निकाल २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आला. मृत्यू, हृदय प्रत्यारोपण, मोठ्या गुंतागुंती आणि रुग्णालयातला मुक्काम असा एकत्रित हिशोब केला तेव्हा वाईट परिणामाच्या शक्यतेचं गुणोत्तर निघालं ०.८६. एकाहून कमी, म्हणजे पारडं स्टेरॉइडकडे किंचित झुकलेलं. पण अनिश्चिततेची कक्षा ०.७१ ते १.०५ होती, त्यात ‘काहीच फरक नाही’ हेही बसतं. ‘स्टेरॉइड निरुपयोगी ठरलं’ असं म्हणणं जितकं चूक, तितकंच ‘थोडा तरी फायदा झालाच’ असं म्हणणंही. फायदा सिद्ध झाला नाही, एवढंच म्हणता येतं.

रक्तातली साखर मात्र निःसंदिग्ध बोलली. इन्शुलिन द्यावं लागलेली बाळं स्टेरॉइडच्या गटात १९ टक्के, दुसऱ्या गटात ६.७ टक्के. आयसीयूत साखर आटोक्यात आणता येते, त्यामुळे हे काही भयंकर नाही. पण सिद्ध न झालेल्या फायद्यासाठी मोजलेली ही किंमत आहे. सरसकट प्रत्येक बाळाला डोस द्यायची पद्धत यापुढे समर्थनीय वाटत नाही.

एक खुलासा पालकांसाठी. एखादं मूल दुसऱ्या आजारासाठी आधीपासून स्टेरॉइड घेत असेल, तर त्याच्या अधिवृक्क (कॉर्टिसोल बनवणाऱ्या) ग्रंथी सुस्तावलेल्या असू शकतात आणि शस्त्रक्रियेचा ताण झेलायला त्याला बाहेरून स्टेरॉइड द्यावं लागू शकतं. तो प्रश्न वेगळा, या चाचणीने तो सोडवलेला नाही. अशा मुलाचं औषध मनाने बंद करू नका, आणि भूलतज्ज्ञाला ते आधी सांगा.