त्रिंबकजी डेंगळ्याचे ठाण्यातील पलायन

दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे १२ सप्टेंबर १८१६ रोजी ठाण्याच्या किल्ल्यातल्या इंग्रजी कैदेतून निसटला, ती घटना. खाडीकाठचा हा किल्ला म्हणजे आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी लढून घेतला.

निमगाव जाळीचा त्रिंबकजी पेशव्याच्या चाकरीत जासूद म्हणून शिरला आणि मर्जी संपादून गुजरातचा सरसुभेदार झाला. अहमदाबादच्या इजाऱ्याची (महसूलवसुलीच्या मक्त्याची) बोलणी करायला गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आला होता. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास त्याचा खून झाला. पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट (दरबारी प्रतिनिधी) एल्फिन्स्टन याने थेट त्रिंबकजीवर ठपका ठेवला. बाजीरावाने त्याला आधी वसंतगडावर अडकवले आणि नाइलाज होताच सप्टेंबरात इंग्रजांच्या हवाली केले.

ठाण्यात पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले होते. एतद्देशीय शिपायांना फितवता येईल, ही भीती. पण या गोऱ्यांना मराठी येत नव्हते. तिथल्या एका अधिकाऱ्याच्या घोड्याचा मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) कोठडीच्या खिडकीखाली खरारा करताना गाणे म्हणे आणि सुटकेचा बेत त्यातूनच आत पोहोचे, असे सांगतात. कलकत्त्याचे इंग्रज बिशप (ख्रिस्ती धर्मगुरू) हेबर यांनी त्या गाण्याचे इंग्रजी पद्यरूप आपल्या प्रवासवर्णनात दिले आहे. हेबर कवी होते, तेव्हा शब्द कितपत मूळचे हा प्रश्न उरतोच. पलायन मात्र निर्विवाद.

गाण्यापेक्षा पलायनाचे परिणाम मोठे. त्रिंबकजीने शंभुमहादेवाच्या डोंगररांगेत माणसे जमवली. बाजीराव कानांवर हात ठेवी. एल्फिन्स्टनला ते पटेना. त्रिंबकजी हाती येईपर्यंत तारण म्हणून मे १८१७ मध्ये सिंहगड, पुरंदर आणि रायगड इंग्रजांनी मागून घेतले. जूनच्या पुणे तहाने पेशव्याचे मराठेशाहीतले पुढारपणही गेले. नोव्हेंबरात खडकीला इंग्रजांशी युद्धाला तोंड लागले.

पेशवाई बुडाली त्याच महिन्यात, जून १८१८ मध्ये, चांदवडजवळ अहिरगावात त्रिंबकजी पकडला गेला. त्याला पुन्हा ठाण्यास आणले, पण या वेळी तिथे ठेवायची जोखीम इंग्रजांनी घेतली नाही. काशीजवळच्या चुनारगडावर त्याची रवानगी झाली आणि १८२९ मध्ये तिथेच तो वारला.