भांगातला शेंदूर आणि निळीची पुडी

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी घरीच केस रंगवले. पार्लरला जायला वेळ नव्हता असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण पैसे. खोक्यावर ‘नॅचरल ब्राउन’ लिहिलेलं, न्हाणीघरातल्या ट्यूबलाइटखाली आरशात सगळं ठीकठाक दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत केस वाळवत उभी होते, तर शेजारच्या काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, “अगं, भांगात शेंदूर काय भरलायस उत्तरेकडच्या नव्या नवरीसारखा?”

उन्हात पाहिलं. मुळाशी जेमतेम दोन बोटं केस शेंदरी, त्याखाली जुन्या डायचे गडद तपकिरी. काळ्या कापडाला चुकून केशरी काठ लावावा तसं.

मग सगळे करतात तेच मी केलं. मोबाइलवर कुणीतरी सांगितलेला जांभळा शाम्पू मागवला. तीनदा धुतलं. केसांचा शेंदूर होता तिथेच राहिला आणि पांढऱ्या टॉवेलवर मात्र जांभळे डाग पडले.

शाम्पू खोटा नव्हता, चुकीच्या रंगावर लावला होता. हे कळायला आजीची नीळ आठवावी लागली. आजोबांची धोतरं धुऊन झाली की आजी शेवटच्या बादलीत निळीचं पाणी करायची. जुनं सुती कापड पिवळट पडतं, कारण ते निळा प्रकाश थोडा गिळून टाकतं आणि बाकीचा परत पाठवतं. नीळ बरोबर उलटं करते: पिवळा-केशरी भाग गिळते आणि निळा पाठवते. दोघांनी आपापला वाटा कापून घेतला की उरतो तो कुठल्याच बाजूला न झुकणारा प्रकाश. डोळा त्याला पांढरं म्हणतो. गंमत अशी की पिवळेपणा कापडातच असतो. नीळ काहीही धूत नाही, भर घालते. नीळ दिलेलं धोतर आधीपेक्षा थोडा कमीच प्रकाश परत पाठवतं, तरी ते ‘स्वच्छ’ दिसतं.

केसांचा नको असलेला रंग सुधारणं म्हणजे हेच. पार्लरमध्ये त्याला टोनर म्हणतात. नको तो रंग काढायचा नसतो, त्याच्या समोरचा रंग त्यात घालायचा असतो. रंगचक्रात पिवळ्यासमोर जांभळा येतो, केशरीसमोर निळा आणि लालसमोर हिरवा. माझे केस केशरी होते आणि मी पिवळ्यावरचं औषध घेत होते.

पण ‘ब्राउन’ लावलेल्या केसांवर केशरी आला कुठून? खोक्यात तर तो नव्हता. तो माझ्याच केसांत होता, आधीपासून.

केसाचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा. त्यातलं काळं-तपकिरी युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळं फिओमेलॅनिन, दोन्ही केसाच्या आतल्या थरात बारीक कणांच्या रूपात असतात. बाहेरून कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले. खोक्यातल्या दोन ट्यूबा मिसळल्या की अमोनिया ही कौलं उचलतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून एकाच वेळी दोन कामं करतं. एकीकडे ते डायच्या बिनरंगी रेणूंना, म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमीन आणि त्याच्या जोडीदारांना, आपसात जोडून मोठे रंगीत रेणू बनवतं. लहान असतात तेव्हा हे रेणू सहज आत जातात, मोठे झाले की तिथेच अडकतात. खोलीत नेऊन जोडलेलं कपाट दारातून बाहेर निघत नाही, तसं. दुसरीकडे तेच पेरॉक्साइड आपलं स्वतःचं मेलॅनिन फोडत असतं. या दुसऱ्या कामाबद्दल खोक्यावर ठळक अक्षरांत कुणी लिहीत नाही.

काळा केस फिका होताना एकदम सोनेरी होत नाही, पायऱ्या उतरतो. काळ्यानंतर तपकिरी, मग तांबडा, मग केशरी, मग पिवळा आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा. पार्लरवाले गडदपणा १ ते १० अशा पट्टीवर मोजतात. आपल्याकडचे बहुतेक केस पहिल्या तीन आकड्यांत बसतात, म्हणजे उतरायला सुरुवात केली की आपली गाठ सगळ्यात आधी तांबड्या-केशरीशीच पडते. डायचा तपकिरी वरून बसतो खरा, पण खाली उघडा पडलेला केशरी त्यातून डोकावतो, आणि धुऊन धुऊन डाय विटला की जास्तच.

बरं, मग मुळंच का? टाळूच्या उबेने. केसाचा मुळाजवळचा भाग अंगाच्या उष्णतेने कोमट राहतो आणि उष्णतेत रासायनिक क्रिया वेगाने होते, म्हणून तिथलं मेलॅनिन आधी आणि जास्त फुटतं. शिवाय मुळं कोरी होती. खालच्या लांबीवर जुन्या डायचे मोठे रेणू दाटीने बसलेले, त्यांच्यावर नव्या डायने फक्त आणखी एक थर चढवला. कलपाने कलप उजळत नाही, हे मला पार्लरमधल्या ताईंनी नंतर सांगितलं. जरा उशीरच केला त्यांनी.

आणि एक डोळ्याचा खेळही आहे. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता; तिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणत. तक्रार आली की पडद्यांतला काळा रंग फिका पडतो. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती; शेजारच्या रंगांमुळे तो काळा तसा भासत होता. शेजारी बसवलेले दोन रंग एकमेकांना आपल्यापासून दूर ढकलतात, हा त्याचा निष्कर्ष. माझ्या भांगातला केशरी वेगळा कापून दाखवला असता तर काकूंनी त्याला ‘तांबूस’ म्हटलं असतं. गडद तपकिरीला खेटून बसला, म्हणून शेंदूर झाला. (याच शेव्हरलने चरबी आणि साबणाचं रसायनही उलगडलं. धुणं आणि रंगवणं, दोन्ही खाती एकाच माणसाकडे.)

आता दुरुस्ती. पहिलं काम म्हणजे दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, आपण कुठल्या पायरीवर आहोत ते पाहणं. पिवळट असेल तर जांभळा. केशरी असेल तर निळा, म्हणजे निळा शाम्पू किंवा ‘ॲश’, म्हणजे राखेसारख्या निळसर छटेचा रंग. खोक्यावरचे आकडे इथे कामाला येतात: टिंबाआधीचा आकडा गडदपणा सांगतो, टिंबानंतरचा छटा. बऱ्याच कंपन्यांत .१ म्हणजे ॲश, .३ सोनेरी, .४ तांबूस, .६ लाल. सगळ्या कंपन्यांची भाषा एक नाही, म्हणून शेजारचं नावही वाचावं. केशरी मुळांवर ५.३ लावणं म्हणजे आगीत तेल.

दुसरी अट जास्त महत्त्वाची आणि जास्त विसरली जाणारी. समोरचा रंग नको असलेल्या रंगाइतकाच गडद लागतो, नाहीतर थोडा जास्त. भडक केशरीवर फिकट निळा टोनर म्हणजे पातेलंभर आमटीत चिमूटभर मीठ. दोन रंगांनी मिळून आपापला प्रकाश गिळल्यावर केस आधीपेक्षा गडदच दिसणार. गडद न होता केशरी घालवायचा असेल तर टोनर उपयोगाचा नाही. ब्लीच करून पिवळ्यापर्यंत खाली उतरावं लागेल, आणि ते घरच्या न्हाणीघरात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शाम्पूतला रंग फार आत जात नाही, कडेकडेने चिकटतो. ब्लीच झालेल्या, सच्छिद्र केसांवर ऋण विद्युतभार जास्त असतो आणि या शाम्पूंतले बरेचसे रंग धनभारित असतात. म्हणून खराब झालेली टोकं सगळा जांभळा पिऊन टाकतात आणि वरची धडधाकट मुळं कोरडी राहतात. टोकं आधी ओली करून थोडं कंडिशनर लावून ठेवलं तर ती कमी पितात.

याच चक्राची उलटी बाजू म्हणजे हिरवा. ब्लीच केलेल्या पिवळ्या केसांना कंटाळून कुणी थेट ॲश ब्राउन लावतं आणि केस शेवाळी होतात: पिवळा अधिक निळा, बालवर्गातलं गणित. नैसर्गिक तपकिरीच्या पोटात लाल-केशरी असतो, तो ब्लीचने नेलेला असतो. म्हणून जाणकार आधी तांब्याची छटा भरतात आणि मग तपकिरी चढवतात. ज्या केशरीला आपण शिव्या घालतो, तोच इथे पाया म्हणून परत बोलवावा लागतो. पोहून आल्यावर फिकट केस हिरवट होतात ते मात्र वेगळं प्रकरण. त्यात क्लोरीनला उगाच बोल लागतो, खरा हिरवा पाण्यातल्या तांब्याचा असतो.

घरगुती उपायांचं थोडक्यात. लिंबू लावून उन्हात बसलं तर केस आणखी एक पायरी उतरतो, म्हणजे केशरी वाढतो. खाण्याचा सोडा अल्कधर्मी, तो कौलं उचलतो आणि आत बसलेला डाय बाहेर सोडतो. पुन्हा केशरी उघडा. डाय काढायची जी औषधं मिळतात ती डायचे मोठे रेणू तोडतात, पण फुटून गेलेलं मेलॅनिन कुठून आणणार? डाय गेल्यावर खालचा शेंदूरच समोर येतो. आणि कपड्यांची नीळ केसांना लावायचा विचार कुणाच्या मनात आला असेल (माझ्या आला होता), तर ती कापडासाठी बनवलेली असते, डोक्यासाठी नाही.

खरी नीळ मात्र केसांना लावतात, आणि पिढ्यान् पिढ्या. माझी मावशी डाय लावत नाही, मेंदी लावते. मेंदीतलं लॉसोन हे तांबूस-केशरी रंगद्रव्य केसाच्या केराटिन या प्रथिनाला घट्ट बिलगतं. काळ्या केसांवर ते फक्त झाक देतं, पांढऱ्या केसांवर झेंडू फुलवतं. मावशी म्हणून मेंदी लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात, आवळ्याची पूड घालून रात्रभर भिजवते. चहा-आवळ्यातली तुरट द्रव्यं, म्हणजे टॅनिनं, लोखंडाशी मिळून काळपट होतात. जुनी काळी शाई अशीच बनायची. तेवढ्याने भागलं नाही की दुसऱ्या दिवशी नीळ नावाच्याच झुडपाच्या पाल्याची पूड. ही पूड रात्रभर भिजत घालायची नसते, नुसत्या कोमट पाण्यात कालवून लगेच लावायची. पाल्यातलं बिनरंगी द्रव्य केसात शिरतं आणि हवेतल्या ऑक्सिजनने निळं होतं. केशरीवर निळा बसतो, मिळून तपकिरी-काळा. पहिल्या दिवशी हिरवट दिसलं तर मावशी घाबरत नाही. रंग एक-दोन दिवसांत गडद होतो. मेंदी न लावता पांढऱ्या केसांवर थेट नीळ लावली तर मात्र केस निळसर-हिरवट होतात. रंगचक्राचं नाव तिने ऐकलेलं नाही, पण आधी काय आणि मग काय यात ती कधी चुकत नाही.

इथे एक सावधगिरी. बाजारातल्या ‘काळी मेंदी’च्या पुड्यांत पुष्कळदा तेच पॅरा-फिनिलीनडायअमीन असतं, काही पावडरींत धातूंचे क्षार. धातूचे क्षार बसलेल्या केसांवर पेरॉक्साइड पडलं तर केस गरम होतात आणि तुटतात, म्हणून मेंदीवाल्यांनी ब्लीचच्या वाटेला जाण्याआधी पुडी वाचावी. कानामागे थेंबभर डाय लावून ४८ तास वाट बघणं कंटाळवाणं आहे, पण डायची ॲलर्जी आधी वर्षानुवर्षं काही न होता अचानक उद्भवू शकते. भुवया आणि पापण्यांना डाय कधीच नाही.

माझं शेवटी ताईंनीच निस्तरलं. लांबीशी जुळणारा ४.१, त्यात ३ टक्के पेरॉक्साइडचं डेव्हलपर, म्हणजे ज्याला त्या ‘दहा व्हॉल्यूम’ म्हणतात. खोक्यात बहुधा ६ टक्के, वीस व्हॉल्यूमचं असतं. पेरॉक्साइड जितकं सौम्य, तितकं मेलॅनिन कमी फुटतं. ब्रशने फक्त शेंदरी दोन बोटांवर लावलं, खाली एक केस ओलांडू दिला नाही. दर पाच मिनिटांनी त्या एक बट ओल्या कापसाने पुसून मला दाराशी उजेडात न्यायच्या. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा म्हणाल्या, “बास, धुवा आता. अजून ठेवलं तर काळं दिसेल.”

काकूंनी दुसऱ्या दिवशी कठड्यावरून निरखून पाहिलं आणि चकलीची भाजणी मागितली. टॉवेल मी आता पायपुसणं केलाय.