रुबिक्स क्यूब सुटत नाही? आमच्या दुकानाला कुरिअर करण्याआधी हे वाचा

‘सगळा सुटतो, शेवटी एकच कोपरा राहतो, पीस खराब आहे.’ आमच्याकडे सर्वाधिक येणारी तक्रार हीच. असे परत आलेले बहुतेक क्यूब बिघडलेले नसतात, त्यांचा एक कॉर्नर (तीन रंगांचा कोपऱ्यातला तुकडा) जागच्या जागी फिरलेला असतो. दुरुस्ती पाच सेकंदांची, पण कुरिअरमध्ये जाता-येता आठवडा मोडतो.

स्पीडक्यूब, म्हणजे झटपट सोडवायचे क्यूब, मुद्दामच सैल ठेवलेले असतात, म्हणून तर ते अर्धवट वळलेल्या थरातूनही पुढे कापत जातात. पण टेन्शन (स्क्रूचा आवळ) फारच ढिलं असेल, क्यूब हातातून पडला किंवा लहान मुलाने कोपरा धरून पिळला, तर कॉर्नर फिरतो. नियमाच्या चालींनी एकटा कॉर्नर कधीच फिरत नाही; एक फिरला की दुसरा कुठला तरी फिरतोच. म्हणून असा क्यूब कुठल्याही फॉर्म्युल्याने सुटणार नाही.

तपासायचं असं. खालचे दोन थर सोडवून पिवळा थर वर ठेवा. वर पिवळी दिसणारी एज (दोन रंगांचे कडेचे तुकडे) शून्य, दोन किंवा चार असायला हवीत. एक किंवा तीन असतील तर एखादी एज उलटी बसली आहे. एज ठीक, तीन कॉर्नरही ठीक आणि चौथाच वाकडा असेल, तर तो चिमटीत धरून जागेवर पिवळा वर येईपर्यंत फिरवा. झालं. उलट्या एजसाठी वरचा थर ४५ अंश वळवा, एज अंगठ्याने उचलून काढा आणि उलटी करून दाबून बसवा. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, आतला पाय तुटतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नवशिक्यांच्या पद्धतीत शेवटचे कॉर्नर सरळ करताना खालचे थर विस्कटलेले दिसतात, ते तसेच दिसणार. कॉर्नर सरळ करणारा चार चालींचा संच एका कॉर्नरला दोनदा किंवा चारदा लागतो. पुढचा कॉर्नर आणायला फक्त वरचा थर फिरवा. अख्खा क्यूब फिरवला की सगळं गेलं, आणि दोष आमच्या मालाला!

पूर्ण खोललात तर सोडवलेल्या स्थितीतच जोडा. कसाही जोडलेला क्यूब सुटण्याची शक्यता बारात एक. स्क्रू आवळताना एका वेळी एकच सेंटर कॅप (मधल्या तुकड्यावरचं झाकण) काढा. सहाही काढल्या तर रंगांच्या जागा चुकतात. पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा, लालसमोर नारिंगी हवा. सहाही स्क्रू सारखेच, पाव-पाव वळण. खोबरेल तेल तर नकोच, ते थंडीत थिजतं. सिलिकॉन ल्यूबचे (वंगणाचे) दोन-तीन थेंब पुरतात.

४ बाय ४, म्हणजे प्रत्येक कडेला चार तुकड्यांचा क्यूब, घेतलेल्यांनी खास लक्ष द्यावं. शेवटी एकच एज-जोडी उलटी राहिली किंवा दोनच जोड्यांची अदलाबदल उरली, तर ती पॅरिटी. ३ बाय ३ मध्ये जे अशक्य, ते इथे रोजचंच. त्याचे फॉर्म्युले वेगळे आहेत. आम्ही दर ४ बाय ४ सोबत कार्ड घालतो, ते खोक्याच्या तळाशी असतं.

स्पर्धेला जाणाऱ्यांसाठी: वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या नियमांनुसार, फक्त एका कॉर्नरमुळे क्यूब सुटत नसेल तर तो कॉर्नर, क्यूब न खोलता, जागेवर फिरवता येतो. टायमर मात्र चालूच राहतो. कॉर्नर वाकडा ठेवून टायमर थांबवलात तर डीएनएफ (‘डिड नॉट फिनिश’, म्हणजे तो प्रयत्न अपूर्ण धरला जातो). म्हणून आम्ही स्पर्धेचे क्यूब थोडे घट्ट सेट करून देतो. पहिल्या दिवशी हाताला जड वाटतात, तरी लगेच ढिले करू नका. ऑर्डर करताना सांगितलंत तर टेन्शन आणि ल्यूबिंग आम्ही करून पाठवू. प्रत्येक क्यूब पॅक करण्याआधी आम्ही एकदा सोडवून पाहतो, त्यामुळे आमच्याकडून निघालेला क्यूब न सुटणारा असायची शक्यता जवळपास नाही.

तरीही अडलात तर सहाही बाजूंचे फोटो आधी पाठवा. निसटलेलं मॅग्नेट, घसरलेला स्क्रू किंवा मुळातच तुटका पीस असेल, तर पहिल्या महिन्यात बदलून देऊ, कुरिअरही आमचंच.