ज्येष्ठांचा इंटरनेट वापर आणि एकाकीपण

साठी ओलांडलेल्या व्यक्तींचा इंटरनेट वापर आणि त्यांचा माणसांशी असलेला संबंध यांचा अभ्यासविषय. यात दोन संज्ञांची गल्लत टाळावी लागते. विलगता म्हणजे भेटीगाठी, फोन, येणेजाणे प्रत्यक्षात कमी असणे. एकाकीपण म्हणजे ते अपुरे असल्याची जाणीव. भरल्या घरातही एकाकीपण असू शकते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकाकीपणाचेही भावनिक व सामाजिक असे दोन प्रकार मानले. जिवलग जोडीदार गमावलेल्या माणसाची उणीव मित्रमंडळ भरून काढू शकत नाही, हे त्यामागील सूत्र.

मापनासाठी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची २० विधानांची श्रेणी (१९७८) व तिचे तीन प्रश्नांचे संक्षिप्त रूप (२००४) विशेष प्रचलित आहे. सोबतीची उणीव, वगळले जाणे आणि तुटलेपण यांविषयी हे तीन प्रश्न विचारतात. आपल्याकडे मात्र आजी ‘एकाकी वाटते’ असे क्वचितच म्हणते. ती ‘करमत नाही’ म्हणते, ‘घर खायला उठतं’ म्हणते. मराठीत प्रश्नावली करताना हे शब्द हाताशी असणे अगत्याचे आहे.

इंटरनेटच्या परिणामाविषयी मतभेद जुना आहे. समाजमानसशास्त्रज्ञ रॉबर्ट क्राउट व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील ७३ कुटुंबांतील १६९ व्यक्तींच्या पाहणीवरून १९९८ मध्ये असे मांडले की, वापर वाढला तसा घरातील संवाद घटला आणि एकाकीपण किंचित वाढले. या निष्कर्षाचा बराच गाजावाजा झाला. तथापि नमुन्यात तुलनेसाठी इंटरनेट नसलेला गट नव्हता. शिवाय ही निवड शाळकरी मुलांची कुटुंबे व स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते यांतून झालेली असल्याने तो वृद्धांचा अभ्यास म्हणता येत नाही. त्याच चमूने जुन्या सहभागींची पुन्हा पाहणी केली, तेव्हा प्रतिकूल परिणाम बहुतांशी ओसरलेले आढळले (२००२). नव्या नमुन्यात बोलक्या स्वभावाच्या व्यक्तींना अधिक लाभ दिसला.

वृद्धांवरील यादृच्छिक प्रयोग, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेले प्रयोग, अधिक विश्वसनीय ठरतात. नेदरलँड्समधील २३६ ज्येष्ठांच्या प्रयोगात (२००८) संगणक-प्रशिक्षणाने स्वास्थ्य वाढलेही नाही, घटलेही नाही. अमेरिकेत एकट्या राहणाऱ्या ३०० ज्येष्ठांपैकी एका गटाला खास रचलेला संगणक, तर दुसऱ्याला तशीच माहिती असलेली छापील वही देण्यात आली (२०१८). सहा महिन्यांनी संगणकगटात एकाकीपण कमी आढळले. वर्षाअखेर हा फरक टिकला नाही. एकवेळच्या पाहण्यांत मात्र वापरणारे बहुधा सुखी दिसतात. ज्यांची दृष्टी शाबूत, हाती पैसा आणि पलीकडे बोलणारे कोणी आहे तेच मुळात इंटरनेटकडे वळतात, हे त्याचे कारण असावे. पडद्यापलीकडे कोण आहे यावर परिणाम अवलंबून असतो, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठीवरील लोकसंख्या सुमारे १०.३८ कोटी होती. महाराष्ट्रात मुले परदेशी असलेल्या घरांत तिन्हीसांजेचा दिवा लागला की व्हिडिओ कॉल येतो, कारण अमेरिकेत तेव्हा सकाळ असते. फोन तांब्याला टेकवलेला असतो, पडद्यावर आजोबांचे निम्मे कपाळच दिसते, तरी नातवाचा आवाज घरात येतो. ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरील ‘शुभ सकाळ’ हजेरीचेही काम करते. एखाद्याचा संदेश आला नाही, तर कोणीतरी चौकशी करते. स्त्रियांकडे बहुधा मुलांचा जुना फोन येतो आणि रिचार्जही मुलांच्याच हाती राहते. टंकलेखन जमत नाही तेथे आवाजी संदेश उपयोगी पडतो.

‘जीवन प्रमाण’ (२०१४) या डिजिटल हयातीच्या दाखल्यामुळे निवृत्तिवेतनधारकांची नोव्हेंबरातील बँकेची खेप टळते. गुडघे दुखणाऱ्यांना हा मोठाच दिलासा आहे. मात्र त्या रांगेत जुने सहकारी वर्षातून एकदा भेटत, ती भेटही त्याबरोबर गेली.

‘डिजिटल अटके’सारख्या (पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर धमकावण्याच्या) फसवणुकींत वृद्धांना एकटे गाठून कोणाशीही बोलू न देणे ही मुख्य युक्ती असते. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. पैसे गेल्यावर मुलांना सांगण्याची लाज वाटते आणि मग घरच्यांचा फोनही उचलला जात नाही.