छोट्या दीर्घिकेतलं अर्धपोटी कृष्णविवर

वरळीच्या नेहरू तारांगणातून बाहेर पडताना एका मुलीने आईला विचारलं, "ते कृष्णविवर आपल्यालाही ओढून घेईल?" आई म्हणाली, "अजून खूप वेळ आहे गं." मला राहवलं नाही. थांबून सांगितलं, नाही घेणार.

आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर 43 लाख सूर्यांइतकं जड आहे, पण आपण त्यापासून सुमारे 27 हजार प्रकाशवर्षं दूर आहोत. त्याच्या गुरुत्वाचा वरचष्मा जेमतेम काही प्रकाशवर्षांपुरता. त्याला राहूशी जोडणारे व्हिडिओ फिरतात, ते तर सरळ खोटे आहेत.

तरीही 2000 साली एक गोष्ट स्पष्ट झाली: दीर्घिकेच्या, म्हणजे आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या विशाल समूहाच्या, मधल्या फुगवट्यातले तारे जितके वेगाने फिरतात, तितकं तिथलं कृष्णविवर जड. एवढ्याशा वस्तूचं एवढ्या मोठ्या घराशी नातं कसं? कारण दोघांचं पोट एकाच वायूवर भरतं. त्यातून तारे घडतात, आणि मध्यापर्यंत पोचेल तेवढा कृष्णविवराला मिळतो.

छोट्या दीर्घिकेत नेमका तोच पोचत नाही. सूर्याच्या आठपटीहून जड तारे काही कोटी वर्षांतच स्फोट होऊन संपतात. या अतिनवताऱ्यांमुळे तापलेला वायू सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने उसळतो. आपल्या आकाशगंगेतून, सूर्याच्या जागेवरून, कायमचं निसटायला सुमारे 550 किलोमीटरचा वेग लागतो. खुज्या दीर्घिकेत शंभराच्या आसपासही पुरतो. पसरट पातेल्यातलं दूध उतू जातं, उंच टोपातलं उसळून परत खाली बसतं, तसंच हे. दीर्घिका जड होत गेली की वायू मध्याशी टिकतो आणि कृष्णविवर झपाट्याने वाढतं. पुढे त्याच्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या तप्त तबकडीचा प्रकाशच येणाऱ्या वायूला मागे ढकलू लागतो. त्या रेट्याची आणि गुरुत्वाची बरोबरी होते ती एडिंग्टन मर्यादा.

म्हणूनच मला छोटी कृष्णविवरं जास्त मोलाची वाटतात. 2015 मध्ये आरजीजी 118 या खुज्या दीर्घिकेत सुमारे 50 हजार सूर्यांचं कृष्णविवर सापडलं. फारसं न जेवलेल्या अशा कृष्णविवरांत जन्माच्या वेळच्या वजनाची खूण उरलेली असू शकते: सुरुवात शंभरेक सूर्यांच्या मृत ताऱ्यातून झाली, की थेट कोसळलेल्या प्रचंड वायुमेघातून.