'याचं इंटिग्रेशन होत नाही' म्हणजे नक्की काय होत नाही?

डेफिनेट आणि इनडेफिनेट इंटिग्रलमधला फरक बारावीच्या पोरांना पाठ असतो, एकात लिमिट्स, दुसऱ्यात प्लस सी, त्यात वेळ घालवत नाही. (प्लस सी विसरणाऱ्यांचा मार्क मात्र कापायलाच हवा.)

माझं डोकं फिरतं ते दुसऱ्या घोळाने. पोरगं ई रेज टू मायनस एक्स स्क्वेअर घेऊन येतं, सब्स्टिट्यूशन झालं, बाय पार्ट्स झालं, दोन पानं भरली तरी सुटेना, आणि क्लासमध्ये त्याला सांगितलेलं असतं की "याचं इंटिग्रेशन नसतंच". अहो नसतं कसं? ग्राफ काढा, घंटेसारखा सलग कर्व्ह येतो, त्याच्याखाली जागा आहे ना? डेफिनेट इंटिग्रल म्हणजे ती जागाच. ० ते १ घेतलं तर ती साधारण ०.७४६८ भरते. मायनस इन्फिनिटी ते इन्फिनिटी घेतलं तर चक्क रूट पाय, इंटिग्रलचा वर्ग करायचा, पोलर कोऑर्डिनेट्समध्ये (एक्स-वायऐवजी अंतर आर आणि कोन) जायचं, तिथे एक आर आपोआप येऊन चिकटतो आणि गणित दोन ओळीत संपतं.

नाही ते फक्त सूत्र. बहुपदी, साइन-कॉस, लॉग, एक्स्पोनेन्शियल यांची कितीही जोडाजोड केली तरी याचं अँटिडेरिव्हेटिव्ह (ज्याचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की हे फंक्शन परत मिळतं ते) लिहिता येत नाही, आणि हे फ्रेंच गणितज्ञ लिउव्हिलच्या १८३० च्या दशकातल्या कामातून सिद्ध झालंय, तुमचा सराव कमी पडला असं काही नाही. लॉग तरी काय हो, १ पासून एक्सपर्यंत १/एक्सखालचं क्षेत्रफळच, नाव दिलं आणि टेबलं छापली म्हणून आपला वाटतो. इथेही तसंच नाव आहे, एरर फंक्शन.

उलटंही होतं आणि ते जास्त घातक. १/एक्स स्क्वेअर, लिमिट्स -१ ते १. अँटिडेरिव्हेटिव्ह सोप्पं, मायनस १/एक्स, किमती टाकल्या की उत्तर -२. फंक्शन सगळीकडे पॉझिटिव्ह आणि क्षेत्रफळ मायनस?? शून्यापाशी कर्व्ह आभाळात जातो, म्हणजे सूत्र हातात आहे पण इंटिग्रल डायव्हर्ज होतं, क्षेत्रफळ अनंताकडे जातं, खरंच नाहीये.

म्हणून मदत मागताना लिमिट्ससकट अख्खं गणित दाखवा. मध्ये एकाला फोटोवरून अर्धा तास पोलर समजावलं, मग कळलं की ई च्या आधी एक एक्स होता, तो त्याच्या अंगठ्याखाली झाकला गेलेला. मग काय, एक्स स्क्वेअर बरोबर टी धरायचं, लिमिट्स ० ते इन्फिनिटी, उत्तर १/२.